कार्डिंगचा पांढरा पट्टा

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरात कुणी भांडत नसे. आबा, म्हणजे माझे वडील, पाळी संपवून गिरणीतून आले की दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभे राहत. आत येत नसत, बसत नसत. खांदे वर ओढलेले, तोंड थोडं उघडं, आणि नजर आमच्या डोक्यांवरून पलीकडे. माय न बोलता गुळाचा खडा आणि सुंठ पुढे करी. अर्ध्या तासाने ते आत येऊन चटईवर टेकत, मग आम्ही भावंडं पुन्हा आवाज करायला मोकळी. शनिवारी ते निम्मे बरे असत, रविवारी पुरते. गुरुवारी सुटी, आणि शुक्रवारी पुन्हा चौकटीत उभे.

ह्याला आमच्या चाळीत नाव होतं, शुक्रवारची छाती. साठीच्या दशकातलं सुरत ते. बमरोलीच्या बाजूला गिरणी कामगारांच्या चाळी होत्या, त्यांतली एक आमची. एका रांगेत आम्ही बौद्ध, समोरच्या रांगेत खानदेशातूनच आलेली बाकीची मंडळी. आबा कार्डिंग खात्यात मिस्त्री होते. तिथे कापूस तारांच्या रुळांवर विंचरून त्याचे पेळू काढतात, आणि विंचरताना उडणारी कस, म्हणजे कापसाची बारीक धूळ, दिवसभर हवेत तरंगत राहते. माग चालवायचं काम आमच्या माणसांना मिळत नसे, कारण तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. कार्डिंगमधल्या धुळीला मात्र कुणाचंही तोंड चालत होतं.

वीज पुरत नसल्याने गिरणीने खात्यांच्या सुट्या वाटून दिल्या होत्या. बाकी सगळ्यांना रविवार, कार्डिंगला गुरुवार. चाळीतल्या शहाण्यांचं मत असं की शुक्रवारची छाती सुटीमुळेच भरते. माणूस दिवसभर लोळला की अंग आंबतं. त्यामुळे माय गुरुवारी आबांना लोळू देत नसे. लाकडं फोड, पत्रा ठोक, पाणी भर. बिचारे सुटीच्या दिवशी घाम गाळत, आणि शुक्रवारी संध्याकाळी छाती भरायची ती भरतच असे. तरी उपाय चुकतोय असं कुणाला वाटलं नाही. काम कमी पडलं असेल, एवढंच.

मी शिकले. हे एका वाक्यात लिहिलं म्हणून ते तितक्यात झालं असं समजू नये. संख्याशास्त्रात पदवी घेतली, आणि सत्तरीच्या दशकात आमच्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले. सर गुजराती, बोलायला मऊ, आकड्यांच्या बाबतीत कडक. आमच्याच गिरणीतल्या कामगारांच्या छातीची पाहणी त्यांनी हाती घेतली होती. विलायतेत तयार झालेला एक फॉर्म त्यांच्याकडे आला होता. त्याचं मराठी मी करायचं, दोन विद्यार्थ्यांनी तो गिरणीत जाऊन भरून आणायचा, आणि आलेल्या उत्तरांना आकडे देण्याचं काम पुन्हा माझं.

त्या फॉर्ममध्ये त्रासाच्या पाच पायऱ्या होत्या. शून्य म्हणजे छाती कधीच भरत नाही. एक म्हणजे एखाद्या सोमवारी भरते. दोन, दर सोमवारी. तीन, सोमवारी आणि इतरही काही दिवशी. चार म्हणजे रोज, आणि चार पायऱ्या चढल्या तरी धाप. सर सांगत, "बेन, ह्या आकड्यांची सरासरी काढायची नाही. दोन आणि दोन मिळून इथे चार होत नाही. ह्यांना फक्त क्रम आहे." म्हणून दर खात्याला एक उभा पट्टा काढायचा. सगळे पट्टे सारख्या उंचीचे, आत पायऱ्यांचे थर एकावर एक रचलेले: तळाशी पांढरा, मग फिका करडा, मग गडद, असं चढत चढत माथ्याला काळा. क्रम मोडायचा नाही, रंग मन मानेल तसे घ्यायचे नाहीत. मग लांबून नुसती नजर टाकली तरी कुठल्या खात्यावर किती अंधार आहे ते कळतं.

मला हे फार आवडलं. माझा स्वभाव चिकित्सक, म्हणजे घरच्यांच्या भाषेत खुसपटखोर, आणि त्या पट्ट्यांत खुसपटालाही जागा नव्हती. आकडे कार्डांवर भोकं पाडून मुंबईच्या एका संगणकाकडे जात. तिथे प्रोग्रॅम चालवून लांबलचक कागदावर पट्टे छापून येत. संगणकाला रंग कुठला? शून्यासाठी तो मोकळी जागा सोडी, एकसाठी टिंब, दोनसाठी अधिकचं चिन्ह, तीनसाठी चांदणी, आणि चारसाठी एकाच जागी तीन-चार अक्षरं एकमेकांवर ठोकून काळा डाग. त्यावरून मी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने नीट पट्टे काढी.

पहिल्या पाहणीचा कागद आला तो दिवस मला लख्ख आठवतो. ब्लोरूममध्ये कापसाच्या गाठी फोडतात, तिथला पट्टा निम्म्याहून काळवंडलेला. कताईचा बराच करडा. आणि कार्डिंगचा पट्टा मला सापडेना. खाली नाव होतं, दोन बाजूंच्या रेषा होत्या, मध्ये नुसती जागा. अगदी माथ्याला टिंबांच्या दोन ओळी, बस. जवळजवळ सगळं खातं शून्यावर. सर चष्मा पुसून म्हणाले, "आ तो बहु सरस! इथे हवा खेळती असणार." मी घरी जाऊन आबांना सांगितलं, की तुमच्या खात्याचा पट्टा गिरणीत सगळ्यांत पांढरा आला. ते हसले. त्यांच्या हाताखालच्या खात्याचं नाव झालं होतं. मीही हसले. आज ते हसू आठवलं की मला माझी लाज वाटते.

त्यांनाही त्या विद्यार्थ्याने विचारलं होतंच. "सोमवारले? नही बा. सोमवारले काहीच होत नही," असं त्यांनी सांगितलं आणि ते अगदी खरं होतं. पहिल्याच प्रश्नाला 'नाही' आलं की पुढचे चार प्रश्न सोडून थेट पुढच्या पानावर जायचं, अशी फॉर्मवर सूचना होती. ती सूचनाही मीच मराठीत लिहिली होती, ठळक अक्षरांत.

सोमवार हा शब्द लिहिताना माझा हात का अडखळला नाही? विलायतेत सगळ्यांना रविवारी सुटी, म्हणून त्यांच्या फॉर्मवर सोमवार. मी जन्मापासून शुक्रवारी संध्याकाळी गप्प बसलेली मुलगी. पण शुक्रवारची छाती ही घरातली गोष्ट होती, सुंठ-गुळाची. ती शास्त्राच्या कागदावर असू शकेल असं मला वाटलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि ज्यांना रोजच धाप लागे त्यांतले बहुतेक कार्डिंग सोडून गावी निघून गेले होते. गेलेली माणसं पट्ट्यात येत नाहीत, आणि उरलेल्यांनी सोमवारचं वेगळं काही नाही म्हणून 'नाही' सांगितलं होतं.

अहवाल भरलेल्या फॉर्मांसकट गिरणीत पोचला आणि गिरणीने कधी नव्हे ती तत्परता दाखवली. धूळ ओढून घेणाऱ्या नळ्या ब्लोरूमला आणि कताईला मंजूर झाल्या. कार्डिंगला गरज नाही, असा शेरा पडला. ब्लोरूममधली दुसऱ्या पायरीवरची माणसं चांगल्या हवेत हलवायची ठरली, आणि चांगली हवा म्हणजे कार्डिंग. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्यांना हलकं काम. समोरच्या रांगेतल्या एकाला गोदामात कापड मोजायला बसवलं. आमच्या रांगेतले दोघे त्याच पायरीवर होते. त्यांच्या हातात आवार झाडायचा झाडू दिला. त्यातला एक वीस वर्षं यंत्रावर उभा राहिलेला माणूस. तो सकाळी फाटकाजवळ झाडायला लागला की आबा दुसऱ्या दाराने आत जात. त्याच्याकडे बघायला नको म्हणून.

समोरच्या घरातले काका ब्लोरूममधून कार्डिंगला आले, आबांच्या हाताखाली. त्यांची छाती दर सोमवारी भरत असे, फॉर्मवर तसं लिहिलेलं होतं. बदली होऊन दोन महिने झाले असतील. एका शनिवारी संध्याकाळी पाळीवरून येऊन ते आमच्या ओट्यावर बसले होते, माय तांदूळ निवडत होती, मी पेपर चाळत होते. काका मायला म्हणाले, "वहिनी, गंमत सांगू का? मनी सोमवारनी छाती आते शुक्रवारले भराई येस. सुटी बदलनी आनि दुखनं बी बदलनं!"

माय हसली. काकाही हसले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. मी मात्र पेपर खाली ठेवला. सोमवारला काही अर्थच नव्हता. दुखणं सुटीनंतरच्या पहिल्या दिवसाचं होतं: एक दिवस धूळ बंद राहते, छाती जरा मोकळी होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धूळ आत शिरली की ती गच्च होते. कार्डिंगमधल्या प्रत्येक माणसाला आम्ही चुकीचा वार विचारला होता. त्यांनी खरं उत्तर दिलं, संगणकाने खरी बेरीज केली, मी खऱ्या मापाने पट्टा काढला, आणि सगळं मिळून खोटं झालं होतं. वर त्या खोट्याच्या भरवशावर आजारी माणसं त्याच धुळीत पाठवली होती. काका अजून खोकत होते. मी उठून आत गेले, कारण त्यांच्यासमोर बसवेना.

सोमवारी सरांना सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "बेन, तुझ्या घरात हे होतं?" मी मान हलवली. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी गिरणीला पत्र लिहिलं. कार्डिंगची पाहणी पुन्हा होणार, प्रश्न बदलणार: सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती भरते का? ह्या वेळी फॉर्म भरायला मीच जाईन, असं मी सरांना म्हटलं. चूक माझी, पायपीटही माझी.

खात्यात बाईमाणूस आलं म्हणून लोक आधी लाजले, मग बोलायला लागले. नव्या प्रश्नावर एकेक जण असा बोलला की मला लिहायला जागा पुरेना. "शुक्रवारनी छाती? ती तं सगळास्नी से ताई." सगळ्यांचीच. पण हातातली पेन्सिल तिसऱ्या-चौथ्या पायरीकडे सरकली की माणूस थांबे आणि विचारी, "झाडू तं नही ना देतस?" समोरच्या रांगेतले विचारत नसत. आमच्या रांगेतले विचारत. मी म्हणे, नाही हो, नळ्या बसवतील. माझ्या हातात काय होतं तसं म्हणायला?

आबांचा फॉर्म मी शेवटी ठेवला. तो घरी भरला, गुरुवारी सकाळी, माय विहारात गेली होती तेव्हा. ते जमिनीवर बसले होते, मी समोर. परक्याला विचारावं तसं विचारलं, सुटीनंतर पहिल्या दिवशी छाती भरते का.

"तुले माहीत नही का?" आबा म्हणाले.

"तुम्ही सांगायचं असतं, आबा."

"भरस. आते तं रोजच भरस. जिना बी चढता येत नही." मग त्यांनी कागदावर हात ठेवला. "पन तू नही लिख."

मी म्हटलं, तसं चालत नाही. एक फॉर्म खोटा म्हणजे सगळी पाहणी खोटी. एकदा माझ्या हातून झालंय, पुन्हा नाही होऊ द्यायचं. मी बरंच काही बोलले, कॉलेजात बोलतात तसं. ते ऐकून घेत राहिले. बोलायलाही त्यांना श्वास गोळा करावा लागत होता. मग म्हणाले, "चार लिखशी तं माले झाडू देतीन. झाडू हातमा लेवाना नही म्हनीसन तं गाव सोडं, पोरी. मना बाप झाडतच मरना. मी मिस्त्री म्हनीसन मरसू."

मी रडले नाही. चिडले. गिरणीवर, त्यांच्यावर, त्या पाच पायऱ्यांवर, ज्यांत ह्या माणसाला काय भीती वाटते ते लिहायला जागा नव्हती. आणि मग मी शून्याला गोल केला. पहिली चूक नकळत झाली होती. ही मी डोळे उघडे ठेवून केली. आबांनी खाली सही केली. तेवढी एक सही त्यांना येत होती आणि ती ते फार सावकाश, सुंदर करत.

दुसरा कागद मुंबईहून आला. ह्या वेळी कार्डिंगचा पट्टा शोधावा लागला नाही. टिंबं थोडी, मग अधिकची चिन्हं, मग चांदण्या, आणि वर एकावर एक ठोकलेल्या अक्षरांनी कागद फाटायला आलेला. ब्लोरूमपेक्षाही काळा. तळाशी मोकळ्या जागेची एकच ओळ होती. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "पूर्ण खात्यात हा एकच? कोण आहे?" मी म्हणाले, असेल कुणी दणकट. सरांनी माझ्याकडे पाहिलं, बोट उचललं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांना कळलं होतं असं मला आजही वाटतं.

काका आणि त्यांच्यासारखे दहा-बारा जण कार्डिंगमधून बाहेर निघाले. काका गोदामात गेले आणि पुढे किती तरी वर्षं आमच्या ओट्यावर येऊन बसत राहिले. कार्डिंगला नळ्या मंजूर झाल्या, पण येतील येतील म्हणत लांबत गेल्या. आबा अर्थातच राहिले. सगळ्या खात्यात एकटेच निरोगी, म्हणून नव्या माणसांना शिकवायचं कामही त्यांच्याकडेच आलं. ते दिवसभर रुळांपाशी उभे राहत आणि दर संध्याकाळी दाराच्या चौकटीला धरून. माय म्हणे, ह्यांना दुसरीकडे का नाही हलवत? बाकीच्यांना हलवलं ना? तुझ्या सरांना विचार की. मी म्हणे, विचारते. ती रोज विचारी आणि मी रोज विचारते म्हणे. आबा तेव्हा माझ्याकडे बघतही नसत.

पुढच्या वर्षी ते गेले. मिस्त्री म्हणूनच गेले. आदल्या आठवड्यापर्यंत कामावर होते. विहारात खात्यातली सगळी माणसं आली होती, समोरच्या रांगेतलीही.

कार्डिंगच्या नळ्या अजून आल्या नव्हत्या. कामगारांच्या संघटनेतला एक माणूस मायकडे आला. म्हणाला, मिस्त्री धुळीनेच गेले असं गिरणीने कबूल केलं तर नळ्या लवकर बसतील, तुमच्या अंगठ्याचा अर्ज करू. मायने लगेच अंगठा दिला. मी तिथेच होते. मला तिला थांबवता आलं असतं. सगळं सांगूनही टाकता आलं असतं. मी शाईची डबी पुढे केली.

महिन्याभराने गिरणीचं उत्तर आलं. सदर कामगारास छातीचा कोणताही विकार नव्हता. त्याच्या स्वतःच्या सहीची जबानी सोबत जोडली आहे. अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मागच्या पानावर फॉर्मची फोटोस्टॅट नक्कल होती.

मायला वाचता येत नव्हतं, उत्तर मीच तिला वाचून दाखवलं. पण गावाकडची सगळी पत्रं ती माझ्याकडून लिहून घेई, मी लिहीत असताना शेजारी बसून बघत राही. तिने तो कागद उजेडाकडे धरला. आबांच्या सहीवरून बोट फिरवलं. मग बोट वर नेलं, गोल केलेल्या शून्यापाशी, शेजारी हाताने लिहिलेल्या ओळीपाशी.

"हाई तुनंच अक्षर से ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले. तिने कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि चुलीकडे गेली.